मों ब्लां विमान अपघात (१९६६)

मों ब्लां विमान अपघात, १९६६ : एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या बोइंग ७०७ विमानाला आल्प्स पर्वतात झालेला अपघात. मुंबईहून दिल्ली, बेरूत व जिनिव्हामार्गे लंडनला जाणारे हे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना मों ब्लांच्या (उंची सु. ४,८०७ मी.) माथ्याजवळ आदळले. १०६ प्रवासी व ११ कर्मचारी असे सर्व ११७ जण मृत्यू पावले. मृतांमध्ये अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते.

विमानातील दोन व्हीओआर ग्राहकांपैकी (जमिनीवरील रेडिओ-केंद्राची दिशा दाखविणारे उपकरण) एक बेरूत सोडतानाच नादुरुस्त होता. त्यामुळे वैमानिकाला आपले स्थान अचूक काढता आले नाही, असे फ्रेंच चौकशीत दिसून आले. त्या वेळी विमान सु. १९,००० फुटांवर होते. जिनिव्हाच्या नियंत्रकाने रडारवर चूक हेरली आणि मों ब्लांच्या संदर्भाने विमानाचे स्थान कळविले. शिखर अद्याप पुढे आहे, असा या सूचनेचा अर्थ होता; मात्र ते मागे पडले, अशा समजुतीने वैमानिक खाली येत राहिला. दोष एकट्या वैमानिकाचा की संदेशाच्या मोघम शब्दरचनेचाही, यावर मतभेद संभवतात. नियंत्रकाने स्थान बरोबर सांगितले होते, पण उंची राखण्याविषयी त्याच वेळी निःसंदिग्ध ताकीद दिली असती तर गैरसमजाला वाव कमी राहिला असता, एवढे म्हणता येते.

भाभांमुळे घातपाताचे तर्क पुढे आले; अन्य विमानाशी टक्कर झाल्याचेही काहींनी सुचविले. चौकशीतील निष्कर्ष बाजूला सारावा इतका सबळ पुरावा यांपैकी कशालाही नाही.

एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी याच पर्वतावर कोसळून ४८ जण दगावले होते. दोन्ही अपघातांची ठिकाणे जवळजवळ असल्याने बोसाँ हिमनदीतून आजही बाहेर पडणारे अवशेष नेमके कोणत्या विमानाचे, हे दरवेळी ठरविता येत नाही. २०१२ मध्ये मिळालेली भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची टपालपिशवी मात्र आतील वृत्तपत्रांवरून १९६६ ची ठरली. एका गिर्यारोहकाला २०१३ मध्ये रत्नांची पेटी सापडली व त्याने ती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. तिचा संबंधही सामान्यतः ‘कांचनजंगा’शी जोडतात. वारस न सापडल्याने २०२१ मध्ये ती रत्ने तो गिर्यारोहक व पर्वताच्या पायथ्याच्या शामोनी या फ्रेंच गावाची नगरपालिका यांच्यात वाटून देण्यात आली.