डाव्या हाताची कंडरा, उजव्या हाताची 59 सामन्यांची कमाई

14 एप्रिल 1985, रविवार. जपानमध्ये कावासाकीच्या मैदानावर लोट्टे ओरायन्स या बेसबॉल संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, चोजी मुराता यांनी सेइबू लायन्सविरुद्ध 155 चेंडू टाकले, शेवटपर्यंत मैदान सोडलं नाही आणि सामना जिंकून दिला. याआधीचा त्यांचा विजय 1073 दिवसांपूर्वीचा होता. मधल्या काळात त्यांच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला डाव्या मनगटातून काढलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बसवली गेली होती.

पिचरचं कोपर एवढं का बिघडतं, हे क्रिकेट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना चटकन कळत नाही. क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू सोडताना हात 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे त्याचा भार पाठीवर, गुडघ्यावर, घोट्यावर जातो. बेसबॉलमध्ये अशी अट नाही. पिचर कोपर वाकवून हात मागे नेतो आणि मग खांदा इतक्या वेगाने आत फिरवतो की तो वेग सेकंदाला 7000 अंशांच्या आसपास पोहोचतो. हात मागून पुढे वळतो त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडू पाहते. तिला धरून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, बोटभरसुद्धा रुंद नसतं. 1995 च्या एका अमेरिकी अभ्यासात या क्षणाचा पीळ सुमारे 64 न्यूटन-मीटर भरला. हात आडवा धरून मनगटाला 26 किलोचं पोतं लटकवलं, तर कोपरावर साधारण एवढाच पीळ पडेल. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हे लिगामेंट याच्या निम्म्या भारालाच तुटतं. उरलेला भार हाताचे स्नायू उचलतात. ते थकले की सगळं लिगामेंटवर येतं.

मुराता यांचं हत्यार होतं फोर्कबॉल. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून चेंडू त्यांच्यामध्ये घट्ट धरायचा. असा चेंडू सुटताना उलटा फारसा फिरत नाही, म्हणून हवा त्याला वर तोलत नाही आणि बॅटपाशी येऊन तो खाली बसतो. बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरलाही तो सापडत नसे. कॅचरच्या हाती न लागलेल्या चेंडूंचा, म्हणजे वाइल्ड पिचचा, जपानी विक्रम मुराता यांच्याच नावावर आहे: 148.

1982 मध्ये कोपर गेलं. पिचरच्या हाताला सुरी लावायची नाही, ही तेव्हाच्या जपानी बेसबॉलमधली पक्की समजूत होती. मुराता यांनी नाना उपचार केले, धबधब्याखाली बसून ध्यानही केलं. शेवटी 1983 मध्ये ते लॉस एंजेलिसला सर्जन फ्रँक जोब यांच्याकडे गेले. जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर हीच शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, तेव्हा त्यांना यशाची आशा शंभरात एक एवढीच वाटत होती. टॉमी जॉन नंतर आणखी 164 सामने जिंकले.

यासाठी लागणारी कंडरा आपल्याही मनगटात पाहता येते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवा, मधोमध एक दोरी वर येते. काही जणांना ती नसतेच आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. म्हणूनच ती काढून घेता येते. कोपराच्या दोन हाडांना भोकं पाडून ती इंग्रजी आठच्या आकारात ओवतात. ओवलेल्या कंडरेत सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या हळूहळू आत शिरतात, नव्या पेशी कोलेजनचे तंतू ताणाच्या दिशेने रचतात आणि कंडरा लिगामेंटसारखी वागायला शिकते. याला वर्षभर, कधी दीड वर्षही लागतं. ऑपरेशन काही तासांचं; खरी कसोटी या थांबण्याची असते, आणि मुराता यांची मला तीच सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

परतल्यावर लोट्टेने त्यांना आठवड्यातून एकदाच, बहुतेक रविवारी खेळवलं. संघाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होते काझुहिसा इनाओ. त्यांनी स्वतः 1961 च्या एका मोसमात 78 सामन्यांत चेंडू टाकून 42 विजय मिळवले होते आणि 1964 मध्ये त्यांचा खांदा निकामी झाला होता. 1985 मध्ये मुराता यांनी पहिले 11 सामने ओळीने जिंकले, मोसमाअखेर 17 विजय आणि 5 पराभव. अर्थात तो 155 चेंडूंचा सामना आजच्या कुठल्याही प्रशिक्षकाने मध्येच थांबवला असता, आणि ते योग्यच झालं असतं. 1989 मध्ये, वयाच्या 39व्या वर्षी, लीगमध्ये सर्वांत कमी धावा देण्याची सरासरी त्यांची होती. 1990 मध्ये 10 विजय मिळवून ते निवृत्त झाले. कारकिर्दीतल्या 215 विजयांपैकी 59 दुरुस्त केलेल्या कोपराचे.

1995 ते 1997 ते फुकुओकाच्या दाइए हॉक्स संघाचे पिचिंग प्रशिक्षक होते. पुढे त्यांनी दूरच्या बेटांवरच्या मुलांना बेसबॉल शिकवण्याचा ध्यास घेतला. तिथे शाळा लहान, मुलं मोजकी, आणि सामना खेळायचा तर समुद्र ओलांडावा लागतो. अशा बेटांवरच्या माध्यमिक शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा 2008 पासून त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. साठी ओलांडल्यावरही ते ताशी 130 किलोमीटरहून वेगाने चेंडू टाकत. नोव्हेंबर 2022 मध्ये, 72व्या वर्षी, ते गेले.

शाळकरी वयाच्या मुलांची गोष्ट मात्र वेगळी असते. त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला हाड वाढण्याची जागा अजून कूर्चेची असते आणि ती लिगामेंटपेक्षा कच्ची असते. जास्त चेंडू टाकले की आधी तीच सुटते, आणि तिथे उसन्या कंडरेचा काही उपयोग नसतो. जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये 2020 पासून हायस्कूलच्या पिचरवर आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा घातली आहे. माझ्या मते हा आकडा अजून बराच खाली यायला हवा.