वळण घेणारी चाकं : माथेरानच्या इंजिनाच्या डिजिटल मॉडेलची पार्श्वभूमी

आम्हा रत्नागिरीकरांची वाफ म्हणजे आगबोटीची. रुळांवरची वाफ आमच्या वाट्याला आलीच नाही. 1998च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे सलग सुरू झाली, तोवर ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं विसाव्याला गेली होती. म्हणून संगणकावर जुनं इंजिन घडवायचं ठरलं, की आमची नजर जाते उत्तर कोकणाकडे.

ठाण्याचा मान पहिला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ती ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. पण तिघांपैकी एकही आज उरलेलं नाही. टेप लावायला वस्तूच नसेल तर मॉडेलात निम्मा अंदाज येतो, आणि मला तो सोसत नाही.

म्हणून नेरळ, माथेरानच्या पायथ्याचं स्टेशन. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडील सर आदमजींच्या पैशावर, सुमारे 16 लाख खर्चून, माथेरानची लाइन बांधली. 1907 साली ती सुरू झाली. रुळांतलं अंतर 610 मिलिमीटर, चढ 20 फुटांना एक फूट, आणि वळणं अशी की साध्या ताठ आसांचं (अ‍ॅक्सलचं) सहाचाकी इंजिन तिथं अडकूनच पडावं. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलच्या चार इंजिनांत त्यावर तोड होती : क्लीन-लिंडनर आस.

पुढची आणि मागची चाकं पोकळ आसावर बसवलेली. त्या पोकळीत दुसरा, भक्कम आस. दोघं जोडलेले मधोमध, गोल उखळीच्या सांध्यानं. आतला आस सरळच राहतो, कपलिंग रॉड, म्हणजे चाकांना एकत्र फिरवणारे दांडे, त्यालाच जोडलेले. बाहेरचा मात्र वळणाबरोबर चाकांसकट तिरका होतो. मी पहिल्यांदा चाक आणि रॉड एकाच आसाला बांधले होते. सरळ रुळावर झकास चाललं, पहिल्याच वळणावर रॉड चौकटीत घुसला!

1955 पासून डिझेल आलं, 1982 साली वाफ थांबली. चारांतलं 740 क्रमांकाचं इंजिन पुढे इंग्लंडला गेलं. फोटो भरपूर मिळतात, पण एकातही तो सांधा दिसत नाही. तो पोकळ आसाच्या पोटात असतो.