पानिपतच्या दिवशी संक्रांत नव्हतीच!

सोलापुरात जानेवारीची १२ तारीख म्हणजे सगळं एकदमच येतं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार, विवेकानंद जयंती, जिजाऊ जयंती आणि वर गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेची गडबड. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली ती १२ जानेवारी १९३१ ला, विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. आता यात गूढबिढ काही नाही ओ, वर्षात तारखा ३६५ आणि इतिहासात घडलेल्या गोष्टी लाखो, एकेका तारखेवर गर्दी होणारच.

पण विवेकानंद जन्मले त्या दिवशी मकर संक्रांत होती. १२ तारखेला!

आपले बाकीचे सण चंद्रावर चालतात म्हणून कॅलेंडरमध्ये मागंपुढं होतात, संक्रांत मात्र सूर्यावर, म्हणून ती १४ लाच असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे तीही सरकते, फक्त इतकी हळू की एका आयुष्यात नीट कळत नाही. आपलं पंचांग सूर्याची जागा ताऱ्यांच्या हिशोबाने बघतं, आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या हिशोबाने. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुलकी पुरी व्हायला साधारण २६,००० वर्षं लागतात, त्यामुळे ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं पडतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण ७०-७२ वर्षं साठत गेली की अख्खा एक दिवस होतो आणि संक्रांत एक तारीख पुढं जाते. (उत्तरायण खरं तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं, पण ते आत्ता राहू दे.)

आता पानिपत घ्या. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, त्यामुळे ती ऐन संक्रांतीला झाली असं कित्येक जण छातीठोकपणे सांगतात. गणित करून बघा की, १७६१ ते आज म्हणजे २६० च्या वर वर्षं, म्हणजे साडेतीन-पावणेचार दिवसांचा फरक. त्या वर्षी संक्रांत १० तारखेच्या आसपास येऊन गेली होती! तारीख तीच दिसते, पण सूर्य त्या जागेवर नव्हता.

ज्यांची ही यात्रा, त्या आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचा काळ १२ व्या शतकाचा, तेव्हाची संक्रांत आजच्या कॅलेंडरवर मांडली तर जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पडते. यात्रेला मात्र याचा काही फरक पडत नाही, यात्रेतला अक्षता सोहळा (सिद्धरामेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह) भोगीला म्हणजे भोगीलाच, तारीख कुठलीही असो. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, सूर्य मकरेत शिरायच्या बेतात असतानाच निघतात.

हल्ली एखाद्या वर्षी कॅलेंडरवर १५ ला संक्रांत दिसली की घरोघरी "यंदा असं कसं?" सुरू होतं. २१०० सालात २९ फेब्रुवारी नसणार, तेव्हा आणखी एक दिवस एकदम उडी बसेल, आणि त्यानंतर संक्रांत १५ किंवा १६ ला, १४ ला नाहीच.