आयपी पत्ता

आयपी पत्ता : संगणकांच्या जाळ्यात निरोप कोणाकडून निघाला आणि कोणाकडे जायचा, हे ठरवणारा क्रमांक. 'आयपी' म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल, संगणकांनी आपसात पाळायची नियमावली. हा पत्ता उपकरणाचा मानला जातो, पण खरे तर तो उपकरणाच्या जाळ्याशी असलेल्या जोडणीचा असतो. म्हणून एकाच लॅपटॉपला वायफायवर एक पत्ता मिळतो आणि केबल लावली की दुसरा. पोस्टाच्या पत्त्याची नेहमीची उपमा इथे अर्धीच लागू पडते. भाड्याच्या घराचा पत्ता म्हटले तर जास्त जवळ जाते: घर बदलले की तो बदलतो. त्यामानाने स्थिर ओळख म्हणजे मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १) क्रमांक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच दिलेला असतो.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला (१९८१) पत्ता ३२ बिटांचा असून १९२.१६८.१.५ असा चार आकड्यांत लिहितात. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. त्याचा पहिला भाग जाळ्याचा आणि उरलेला त्या जाळ्यातल्या उपकरणाचा. भाग कुठे पडतो हे सबनेट मास्क सांगतो. घरगुती राउटरवर तो बहुधा २५५.२५५.२५५.० असतो, म्हणजे पहिले तीन आकडे घरभर सारखेच.

लॅपटॉप काहीही पाठवण्याआधी एकच गोष्ट तपासतो: समोरचा माझ्याच जाळ्यात आहे का? प्रिंटर १९२.१६८.१.२० वर असेल, तर लॅपटॉप घरच्या जाळ्यात पुकारा करतो, "१९२.१६८.१.२० कोण?" प्रिंटर आपला मॅक पत्ता कळवतो आणि काम थेट होते. समोरचा बाहेरचा असेल तर निरोपाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, गेटवेकडे जातात. घरी गेटवे म्हणजे राउटरच. त्यालाही सगळा रस्ता माहीत नसतो. पुढचे पाऊल कुठे टाकायचे एवढेच तो जाणतो. जगभरचे राउटर असेच एकेक पाऊल पॅकेट पुढे ढकलतात. कोणा एकाकडे पूर्ण नकाशा नसताना हे चालते, ही या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

पत्ता हाताने भरता येतो, पण सहसा तो डीएचसीपी ही सेवा ठरावीक मुदतीसाठी देते. देणारा सापडला नाही तर संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. पडद्यावर हे आकडे दिसले की वेबसाइटला दोष देऊ नये. बिघाड राउटरपर्यंतच्या वाटेवर किंवा राउटरमध्येच आहे.

माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नावे आली. सुरुवातीला सगळी नावे एकाच फाइलमध्ये असत आणि ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. जाळे वाढले तशी ती फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली: नावावरून पत्ता शोधून देणारी, अनेक ठिकाणी वाटलेली व्यवस्था. २०१४ पासून '.भारत' या शेवटासह देवनागरीतही नावे घेता येतात. मराठी नावही पडद्याआड रोमन अक्षरांत बदलूनच शोधले जाते.

'नेट बंद आहे' या एका वाक्यात म्हणूनच तीन-चार वेगळे बिघाड दडलेले असतात. समोरून उत्तर येते का हे पाहणाऱ्या पिंग या आज्ञेने ते वेगळे करता येतात. आधी राउटरला पिंग करावे, मग ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला, शेवटी एखाद्या नावाला. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर लाइन ठीक आहे, डीएनएस बिघडला आहे. तक्रार नोंदवताना एवढे सांगितले तरी दुरुस्तीचा बराच वेळ वाचतो.

३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. १९८१ मध्ये ते भरपूर वाटले. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले. तोवर टंचाईवर तोडगा निघालेला होता: १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खासगी ठेवायचे, ते घरोघरी पुन्हा पुन्हा वापरायचे आणि बाहेर जाताना राउटरने त्यांच्या जागी एक सार्वजनिक पत्ता लावायचा. याला नॅट म्हणतात. पुढे इंटरनेट कंपन्याही अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देऊ लागल्या. त्यामुळे केवळ आयपी पत्त्यावरून अमुक माणूसच होता असे म्हणणे धोक्याचे आहे. निदान नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारा आकडा) तरी सोबत हवा.

कायमचा उपाय म्हणजे सहावी आवृत्ती. तिचा पत्ता १२८ बिटांचा आहे आणि तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, मुख्यतः मोबाइल इंटरनेटमुळे. तिच्यात प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, नॅटची गरज उरत नाही. पण तोच पत्ता कायम राहिला तर माग काढणे सोपे होते. म्हणून फोन आणि संगणक आपल्या पत्त्याचा उत्तरार्ध काही काळाने स्वतःच बदलत राहतात.