मासेमारीचा कॅमेरा आणि खोक्यावरचा आठ: पार्श्वभूमी

मध्य प्रदेशातली मासेमारीची पावसाळी बंदी १६ जूनला लागते आणि १५ ऑगस्टला उठते. ती उठली की इंदूरच्या हौशी गळवाल्यांची चोरल, बडवाह, मोरटक्का या बाजूला निघण्याची तयारी सुरू होते, आणि त्याबरोबर कॅमेऱ्याची चौकशीही. पाण्याजवळ नेता येईल, हातातून निसटला तरी जगेल असा कोणता घ्यावा? की आता मोबाईलच पुरे? उत्तरं बहुतेक मीटरांत येतात: हा दहा मीटरचा, तो पंधरा मीटरचा, अमका तर तीस मीटरचा. नर्मदेच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला तीस मीटर खोलीचं काय करायचं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. कॅमेरे खोलीच्या मापाने का मोजले जाऊ लागले, आणि पाणी किती सोसेल हे सांगायला खोक्यावर छापलेल्या ८ या आकड्याचा अर्थ काय, हे कळलं तर निवड बरीच सोपी होते.

कारण मुळात आहे. पाण्यातला कॅमेरा गळवाल्यांसाठी नव्हे, समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनला. १९६३ मध्ये आलेला निकोनॉस हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला. फिल्मवर चालणारा, ग्रीस लावलेल्या रबरी कड्यांनी बंद होणारा, त्याचं उत्पादन २००१ पर्यंत चाललं. समुद्राखाली उतरणाऱ्यासाठी खोली हेच खरं माप होतं. पुढे गिऱ्हाईक बदललं, माप तेच राहिलं.

डिजिटल काळातला खरा बदल लेन्समुळे झाला. साध्या छोट्या कॅमेऱ्यात झूमची नळी पुढे-मागे सरकते, आणि सरकणाऱ्या नळीभोवती पाणी अडवणं महाकठीण. २००२ मध्ये आलेल्या मिनोल्टाच्या डायमाज एक्स या कॅमेऱ्यात प्रिझम बसवून प्रकाश काटकोनात वळवला होता, त्यामुळे सगळा झूम अंगातच उभा राहिला. त्या कॅमेऱ्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता, त्याला फक्त पातळ दिसायचं होतं. पण लेन्स बाहेर येत नाही म्हटल्यावर पुढे एक पक्की काच लावली की काम झालं. २००३ मध्ये पेन्टॅक्सचा ऑप्टियो ३३डब्ल्यूआर आला, पाऊस आणि शिंतोडे सहज सोसणारा. २००५ चा ऑप्टियो डब्ल्यूपी दीड मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकत होता. २००६ मध्ये ऑलिंपसचा म्यू ७२० एसडब्ल्यू तीन मीटरवर गेला, आणि दीड मीटरवरून पडलं तरी चालेल असंही त्याच्या खोक्यावर आलं. माझ्या मते आपल्या कामाचा पहिला कॅमेरा हाच, कारण काठावर कॅमेरा बुडतो त्यापेक्षा खडकावर जास्त वेळा आपटतो.

तिथून शर्यत लागली. २००९ मध्ये कॅननचा पॉवरशॉट डी१० दहा मीटरवर, २०१३ मध्ये ऑलिंपसचा टफ टीजी-२ पंधरा मीटरवर, २०१५ मध्ये निकॉनचा कूलपिक्स एडब्ल्यू१३० तीस मीटरवर. प्रत्येक नव्या मॉडेलला मागच्यापेक्षा मोठा आकडा लागे, आणि दुकानात मोठा आकडा विकला जाई.

आता त्या आठबद्दल. खोक्यावर आयपीएक्स८ किंवा आयपी६८ असं लिहिलेलं असतं. ही आंतरराष्ट्रीय मानकातली खूण आहे. तिच्यातला पहिला आकडा धूळ सांगतो आणि तो ६ पर्यंत जातो. दुसरा पाणी सांगतो. धुळीची चाचणी सांगितलेलीच नसेल तर पहिल्या आकड्याच्या जागी एक्स येतो. पाण्याच्या बाबतीत ७ चा अर्थ ठरलेला आहे: एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. ८ चा अर्थ मात्र मानकात ठरलेला नाही. ७ पेक्षा कडक अटी एवढंच त्यात आहे. किती खोल आणि किती वेळ, हे बनवणाऱ्याने सांगायचं. त्यामुळे २००५ चा दीड मीटरचा कॅमेराही आठ, २०१७ चा तीस मीटरवर तासभर टिकणारा कूलपिक्स डब्ल्यू३०० सुद्धा आठ. २०१६ मध्ये आलेला गॅलक्सी एस७ हा मोबाईल दीड मीटर आणि अर्धा तास या हिशेबाने आठ, आणि २०१९ चा आयफोन ११ प्रो चार मीटरच्या हिशेबाने आठच. नुसत्या आठवर विसंबून घेणं म्हणजे काहीच न बघता घेणं. आठच्या शेजारी बारीक अक्षरात मीटर आणि मिनिटं लिहिलेली असतात, वाचायची ती.

दुसरी गुंतागुंत याहून मोठी आहे. हे आकडे पायऱ्यांसारखे वाटतात, म्हणजे ८ मध्ये ५ आणि ६ आलेच असं वाटतं. पण ५ आणि ६ या पाण्याच्या धारेच्या चाचण्या आहेत, ७ आणि ८ बुडवण्याच्या. बुडवण्याची चाचणी पास झालेलं उपकरण धारेचीही पास झालंय असं मानक म्हणत नाही. दोन्ही झाल्या असतील तर दोन्ही खुणा वेगळ्या लिहाव्या लागतात. २०१३ मध्ये आलेल्या एक्सपिरिया झेड या मोबाईलवर आयपी५५ (धार) आणि आयपी५७ (बुडवणं) अशा दोन खुणा होत्या, त्या याचसाठी. घरी येऊन कॅमेरा जोराच्या नळाखाली धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. चिखल धुवायला बादलीत बुडवून हलवणं बरं.

तिसरी गोष्ट तापमानाची, आणि माळव्यात तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. बुडवण्याची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते, आणि ७ साठी पाणी आणि उपकरण यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नसावा लागतो. आपल्याकडे काय होतं बघा. ऐन पावसाळ्यात गळ बंद, म्हणजे बऱ्याच सहली सप्टेंबरच्या उन्हात किंवा एप्रिल-मेमध्ये. कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उघड्या खडकावर पन्नास अंशांपर्यंत तापतो, आणि मासा लागला की त्याच हाताने कॅमेरा अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात बुडतो. आतली हवा आकसते, आतला दाब सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. बाहेरचं पाणी तेवढ्या जादा जोराने आत शिरू बघतं; पाऊण मीटर अधिक खोल नेल्यासारखाच हा भार आहे. एक मीटरच्या उपकरणासाठी तो थोडाथोडका नाही. शिवाय झाकण दमट हवेत उघडलेलं असेल तर गार पाण्यात गेल्याबरोबर काचेच्या आतून धुकं धरतं, आणि नेमका मासा हातात असताना फोटो दुधाळ येतो. म्हणून झाकण सकाळी घरीच, पंख्याखालच्या कोरड्या खोलीत लावून घ्यावं आणि काठावर उघडू नये. कॅमेरा सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवावा.

झाकण लावण्याआधी रबरी पट्टीवरून बोट फिरवून बघावं. बॅटरीच्या झाकणाच्या आत ती बारीक कडी असते. तिच्यावर एक केस, वाळूचा एक कण किंवा बॅगेतला सुताचा तुकडा आडवा पडला तर पंधरा मीटरचा कॅमेरा गुडघाभर पाण्यातही बाद होतो. बिघाड बहुतेक इथूनच सुरू होतो. टफ मालिकेच्या माहितीपुस्तिकेत ही पट्टी वर्षातून एकदा बदलून घ्या असं लिहिलेलं असतं.

खोलीची शर्यत चालू असताना एक निर्णय मात्र उलट्या दिशेने झाला, आणि त्यावर बराच वाद झाला. टफ मालिकेतल्या २०१७ च्या टीजी-५ मध्ये मेगापिक्सेल सोळावरून बारावर आणले. पैसे जास्त आणि पिक्सेल कमी, असं कसं, हा गिऱ्हाइकांचा प्रश्न रास्तच होता. पण प्रकाश टिपणारा सेन्सर नखाएवढाच. त्यावर कमी पिक्सेल म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जास्त प्रकाश, आणि सेन्सरवरून माहिती उचलणंही जलद. संध्याकाळच्या उजेडात फोटोत दाणे कमी आले, फोर-के व्हिडिओ आला, आणि बटण पूर्ण दाबण्याच्या आधीच्या काही फ्रेमही साठवून ठेवण्याची सोय आली. पाण्याबाहेर उसळलेला मासा टिपायचा तर ती सोय चार जादा मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी मोलाची. मला तो निर्णय त्या वेळीही बरोबर वाटला होता. २०१२ च्या टीजी-१ पासून या मालिकेची लेन्स एफ/२ इतकी उघडते (आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), हेही तिच्या बाजूचं. आधीच्या अंगातल्या झूमवाल्या लेन्स बहुधा एफ/३.५ च्या आसपास सुरू होत.

दरम्यान फोटो काढण्याचं कारणही बदललं. बाडस, म्हणजे नर्मदेचा महसीर, कमी होत गेला. २०११ मध्ये तो मध्य प्रदेशचा राज्य मासा ठरला. जबाबदार गळवाले तो सोडून देतात. मग घरी न्यायला फोटोच उरतो, आणि तो काही सेकंदांत व्हायला हवा, मासा शक्यतो पाण्यातच धरून. इथे मोबाईल अडतो. माशाच्या बुळबुळीने माखलेलं ओलं बोट पडदा ओळखत नाही. बटणाचा कॅमेरा चिखलाच्या हातानेही चालतो, दोरीने मनगटाला राहतो. पाणी शिरून मोबाईल गेला तर बहुतेक कंपन्या ते वॉरंटीत धरत नाहीत, आणि त्याबरोबर बँक, फोन, घरच्यांशी संपर्क सगळंच जातं. मोबाईलचे फोटो आज उत्तम येतात, यात वाद नाही. तो कोरड्या खिशात ठेवावा एवढंच.

बाजार मात्र मोबाईलने खाल्ला. २०१० मध्ये जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० मध्ये नव्वद लाखांच्याही आत. डी१० ची मालिका २०१४ च्या डी३० वर थांबली, डब्ल्यू३०० ला वारस मिळाला नाही. टफ मालिका बनवणाऱ्या ऑलिंपसने २०२१ च्या सुरुवातीला कॅमेऱ्यांचा धंदाच दुसऱ्याच्या हाती दिला. नव्या मालकाकडून २०२३ मध्ये टीजी-७ आला, तोही बारा मेगापिक्सेलचाच. पर्याय बोटावर मोजण्याइतके उरले आहेत, म्हणून बरेच जण जुना टीजी-५ किंवा टीजी-६ शोधतात. जुना घेताना मीटरचा आकडा नवा असतानाचा आहे हे धरून चालावं. दोन्ही झाकणं उघडून पट्ट्या बघाव्या: कडक झाल्यात का, चिरल्यात का. झाकणाच्या कुलपाचा खटका ढिला नको. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट डाग दिसला तर पाणी आत जाऊन आलेलं आहे, किंमत कितीही कमी असली तरी परत द्यावा. सगळं ठीक दिसलं तर पट्ट्या बदलून घ्याव्या आणि पहिल्यांदा बॅटरी-कार्ड काढून, झाकणं लावून, घरच्या बादलीत तासभर बुडवून बघावा.