गोळी घेऊन शांत वाटलं म्हणजे एडीएचडी?

मित्राची मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची गोळी घेतली, डोकं शांत झालं, तीन तास सलग काम झालं. म्हणजे मला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा विकार) आहेच, असा निष्कर्ष हल्ली सर्रास काढला जातो. ही गोळी इतरांना उत्तेजित करते आणि एडीएचडी असलेल्याला शांत करते, असा त्यामागचा समज. तो १९७८ सालीच खोटा ठरला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी असा कोणताही त्रास नसलेल्या मुलग्यांना त्याच जातकुळीतलं डेक्स्ट्रोॲम्फेटामाइन दिलं. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, लक्षही सुधारलं.

कारण ही औषधं जिथे काम करतात ती यंत्रणा प्रत्येकाच्या कपाळामागे आहे. 'मी कपाट कशाला उघडलं' ही गोष्ट प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या चेतापेशी एकमेकींना सतत संदेश देत जागी ठेवतात. संदेश ज्या बारीक काट्यांवर येऊन पोहोचतात, तिथे आयनमार्ग, म्हणजे विद्युतभारित कणांची इवली दारं असतात. ते उघडे असले की संदेश वाटेतच गळून जातो, पेशी गप्प होते आणि आपण उघड्या कपाटापुढे नुसते उभे राहतो. नॉरएपिनेफ्रिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन मध्यम प्रमाणात असेल तर ते पेशीवरच्या अल्फा-२ए नावाच्या ग्राहीला (रसायन ओळखणाऱ्या रेणूला) चिकटतं, पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू घटतो, आयनमार्ग मिटतात आणि गळती थांबते. डोपामिन हे दुसरं संदेशवाहक रसायन डी१ ग्राहीमार्फत नेमकं उलट करतं: नको असलेल्या संदेशांच्या वाटेवरचे मार्ग उघडून तो गोंगाट गळू देतं. पहिलं रसायन आवाज वाढवतं, दुसरं खरखर घालवतं. पण डोपामिन फार झालं की कामाचे संदेशही गळू लागतात. माकडांवरच्या प्रयोगांत हा आलेख उलट्या यूसारखा दिसतो. म्हणूनच डोस जास्त झालेला माणूस अधिक हुशार होत नाही; तो एकाच गोष्टीला चिकटून बसतो.

वापरलेलं डोपामिन परत आत ओढणारे खास पंप या भागात फार थोडे आहेत. इथलं डोपामिन बहुतांशी नॉरएपिनेफ्रिनचे पंपच उचलतात. त्यामुळे फक्त हेच पंप अडवणारं ॲटोमॉक्सेटीन हे एडीएचडीवरचं दुसरं औषध इथे डोपामिनही वाढवतं. मिथाइलफेनिडेट दोन्ही पंप अडवतं.

यंत्रणा सगळ्यांचीच सारखी, तेव्हा निदान शोधायचं ते आयुष्याच्या इतिहासात. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेनुसार १७ वर्षं किंवा त्यापुढच्या व्यक्तीत दुर्लक्षाची किंवा चंचलतेची, ९ पैकी किमान ५ लक्षणं किमान ६ महिने हवीत, त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून, घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी, आणि त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान होत असलेलं. स्कॅन, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) किंवा रक्ततपासणीने यातलं काहीच कळत नाही. मेंदूचे रंगीत नकाशे दाखवून पॅकेज विकणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस ही प्रौढांनी स्वतःच भरायची एडीएचडीची प्रश्नावली फुकट आहे. तिचे पहिले ६ प्रश्न सोडवा. पहिल्या तिनांत 'कधीकधी' किंवा त्याहून जास्त, पुढच्या तिनांत 'बरेचदा' किंवा त्याहून जास्त, अशी किमान ४ उत्तरं आली तर पुढे जाण्यात अर्थ आहे. लोक चुकतात ते इथे: गेला वाईट आठवडा डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं देतात; प्रश्न मात्र गेल्या ६ महिन्यांबद्दल असतात. थायरॉईड, ॲनिमिया, घोरणं आणि अपुरी झोप यांची तपासणी नेहमीच्या डॉक्टरांकडे आधीच उरकून घ्या. नैराश्य, चिंता आणि बायपोलर यांचा विचार मात्र मनोविकारतज्ज्ञांवर सोडा.

पैसे खर्च करायचे ते त्यांच्या वेळेवर. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतला मनोविकार विभाग सहसा स्वस्त पडतो, पण तिथे वेळ कमी मिळतो. म्हणून एक पान लिहून न्या: शाळेच्या प्रगतिपुस्तकांतले शेरे, सुटलेल्या नोकऱ्या, भरलेले दंड, अपघात, झोपेचे तास, चालू औषधं. लहानपण पाहिलेलं कुणी सोबत आलं तर उत्तमच. 'माझं लक्ष लागत नाही' या वाक्यापेक्षा 'वर्षात तीनदा वीजबिल चुकलं' यातून डॉक्टरांना जास्त कळतं. बुद्ध्यांक चाचणी किंवा संगणकावरची लक्षचाचणी यांवाचून निदान अडत नाही. कुणी सुचवली तर 'हिच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?' एवढं विचारा.

औषध ठरलं, तर जेनेरिक आणि कमी वेळ टिकणारं मिथाइलफेनिडेट बहुधा सर्वांत स्वस्त. सुरुवात बहुतेकदा ५ मिलिग्रॅमने, वाढ डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने. आधी आणि प्रत्येक वाढीनंतर नाडी, रक्तदाब आणि वजन मोजायचं. घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने अचानक गेलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं. स्वस्ताईची अडचण एवढीच की असर ३ ते ४ तासांत ओसरतो आणि दुपारची गोळी लक्षात ठेवायची असते ती विसरणाऱ्यालाच. दोन वेळांचा गजर लावा, गोळ्या वारांच्या डबीत भरा आणि शेवटचा डोस संध्याकाळपर्यंत लांबवू नका, नाहीतर रात्रीची झोप जाते. ॲटोमॉक्सेटीनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'काहीच होत नाही' म्हणून ते सोडू नका.