ब्रँचची तुलना : दोन टिंबे की तीन? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री आणि मार्केट यार्डातील गूळ अडते यांपैकी आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे आता स्वतःचा प्रोग्रॅमर आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीत तो मेन ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, काम करतो, आम्ही आमच्या वेगळ्या ब्रँचवर करतो आणि शेवटी दोन्हींचे मर्ज, म्हणजे एकत्रीकरण, होते, ही व्यवस्था आपल्या परिचयाची आहेच. मात्र ब्रँच सोपवल्यानंतर "तुम्ही आमचा कोड उडवलाय" असा एक फोन जवळपास ठरलेला असतो, आणि हे पत्रक त्या फोनपायी काढले आहे.

एका फाउंड्रीसाठी आम्ही डिस्पॅच चलनावर हीट नंबर (भट्टीतील वितळणीच्या खेपेचा क्रमांक) छापण्याची सोय करत होतो. आम्ही सोमवारी हीट-नंबर नावाची ब्रँच काढली. पुढच्या तीन दिवसांत त्यांच्या प्रोग्रॅमरने वजनकाट्याची पावती वाचणारी एक नवी फाइल मेनवर घातली. शुक्रवारी त्यांनी "गिट डिफ मेन..हीट-नंबर" अशी तुलना केली (टर्मिनलमध्ये ही आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्यावी), तेव्हा वजनकाट्याची अख्खी फाइल लाल रंगात आणि प्रत्येक ओळीपुढे वजाचे चिन्ह अशी पडद्यावर आली. ती फाइल आम्ही पाहिलीसुद्धा नव्हती, तरी हे पटवून देण्यात आमचा आणि त्यांचा अर्धा दिवस गेला.

डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेत दोन टिंबे दिली की गिट दोन्ही ब्रँचची फक्त आजची टोके, म्हणजे ताज्या अवस्था, समोरासमोर ठेवते. मेनवर जे नंतर आले ते आमच्या टोकाशी नसतेच, म्हणून ते "काढले" असे दिसते. "गिट डिफ मेन...हीट-नंबर" अशी तीन टिंबे दिली, तर गिट आधी दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या तो कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल), म्हणजे मर्ज-बेस, शोधते आणि तिथपासून आमच्या टोकापर्यंत काय बदलले एवढेच दाखवते. एकाच ड्रॉइंगच्या दोन प्रतींवर दोघांनी वेगवेगळ्या दुरुस्त्या केल्या असतील, तर कोणी काय केले हे मूळ ड्रॉइंग शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, हे पॅटर्न शॉपमधल्या माणसाला वेगळे सांगायला नको. गिटहब या संकेतस्थळावरील पुल रिक्वेस्टही (ब्रँच मर्ज करण्याची विनंती) तीन टिंबांचीच तुलना दाखवते, त्यामुळे तिथे हा घोळ सहसा होत नाही. टिंबे मोजण्याचा कंटाळा असेल, तर गिटच्या २.३० या आवृत्तीपासून डिफला मर्ज-बेस हा पर्यायही देता येतो.

गोंधळात भर अशी की कमिटची यादी दाखवणाऱ्या "गिट लॉग"मध्ये हीच टिंबे वेगळा अर्थ घेतात. तिथे दोन टिंबे म्हणजे आमच्या ब्रँचवर असलेले पण मेनवर नसलेले कमिट, आणि तीन टिंबे म्हणजे कोणत्याही एकाच बाजूला असलेले सगळे कमिट. ही रचना आमची नाही. पण लक्षात ठेवायचे झाल्यास डिफला तीन आणि लॉगला दोन, एवढे पुरते.

तीन टिंबे देऊनही दोन ठिकाणी फसगत होते. आपल्या संगणकावरील मेन जुनी असेल आणि आम्ही सर्व्हरवरील ताजी मेन आमच्या ब्रँचमध्ये मिसळून घेतली असेल, तर आपल्याच सहकाऱ्यांचे बदल आमच्या नावावर दिसतात. म्हणून तुलनेपूर्वी "गिट फेच" करून सर्व्हरवरील ताजी स्थिती आणावी आणि तुलना ओरिजिनच्या, म्हणजे सर्व्हरवरील, मेनशी करावी. दुसरे असे की, घाईच्या वेळी आपण आमचा एखादा कमिट चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच उचलून, मेनवर घेतला असेल, तर मर्ज-बेस जागचा हलत नाही आणि तो बदल तुलनेत पुन्हा दिसतो. अशा वेळी "गिट चेरी" चालवावे. त्यात वजाचे चिन्ह असलेले कमिट मेनवर आधीच पोहोचलेले असतात.

ब्रँच सोपवल्यानंतर आम्ही ती रिबेस करत नाही, म्हणजे तिचे कमिट ताज्या मेनवर नव्याने रचत नाही, याबद्दल काही ग्राहकांची नाराजी आहे. इतिहास सरळ रेषेत दिसावा ही अपेक्षा रास्त आहे, पण रिबेसने प्रत्येक कमिटची ओळख बदलते आणि आपण तपासून मान्य केलेले कमिट कोणते, हे पुन्हा जुळवत बसावे लागते. त्याऐवजी सोपवण्याच्या दिवशी आम्ही ताजी मेन आमच्या ब्रँचमध्ये मर्ज करून चाचणी घेतो. मेनवर एखाद्या फंक्शनचे नाव बदलले आणि आमच्या नव्या फाइलमध्ये जुनेच नाव राहिले, तर मर्ज बिनबोभाट होते आणि प्रोग्रॅम मात्र बंद पडतो. हे कोणत्याच टिंबांनी दिसत नाही, चाचणीतच दिसते. अशा मर्जनंतर मेन पुढे सरकेपर्यंत दोन टिंबे द्या की तीन, उत्तर एकच येते.

वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांना प्रत्येक ब्रँचसोबत मर्ज-बेसचा कमिट क्रमांक आणि बदललेल्या फाइलींची यादी आम्ही लेखी देतो, आणि त्यांच्या प्रोग्रॅमरसोबत पहिली तुलना बसून करून देतो, त्याचे वेगळे शुल्क नाही. करार नसलेल्या ग्राहकांनी फोन करण्यापूर्वी फेच करून तीन टिंबांची तुलना घ्यावी आणि तिचा निकाल आमच्याकडे पाठवावा. त्यातही आपली एखादी ओळ लाल दिसली, तर ती आम्हीच काढलेली आहे असे समजून तिचे कारण आमच्याकडे मागावे.